कोकणातल्या रुग्णालयात नेत्रदानाचं काम: नव्याने रुजू झालेल्यांसाठी

जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तुम्ही समुपदेशक म्हणून, नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून किंवा नुसतेच हौशी कार्यकर्ते म्हणून या कामात आला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा पडेल. कॉलेजात शिबिर घ्या, शंभर अर्ज भरून आणा, फोटो काढा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या नेत्रदान पंधरवड्यात आणि १० जूनच्या दृष्टिदान दिनाला तर याचा सुकाळच असतो. करा, वाईट काही नाही त्यात. पण एकोणीस वर्षांच्या पोराने भरलेल्या अर्जाची वेळ आली तर पन्नास वर्षांनी येणार, आणि तेव्हा तो कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसणार. बुबुळं मिळतात ती आज, वॉर्डात, मृत्यूनंतरच्या तासाभरात कुणीतरी नातेवाइकांना नीट विचारलं म्हणून. पुढचं सगळं त्या तासाबद्दल आणि त्याच्या तयारीबद्दल आहे.

आपल्याला हवं असतं ते काय

नेत्रदान म्हणत असलो तरी रोपण होतं ते फक्त बुबुळाचं, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावर असलेल्या पारदर्शक पडद्याचं. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, व्यास ११-१२ मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून हृदय बंद पडल्यावरही काही तास ते काढता येतं आणि रक्तगट जुळवत बसावं लागत नाही. अख्खा डोळा बसवण्याची सोय रुग्णालयात नाही, हे नातेवाइकांना सांगावं लागतं, कारण "दुसऱ्याला आमच्या आजोबांचे घारे डोळे बसवणार का" असा प्रश्न हमखास येतो. डोळ्याचा रंग बुबुळामागच्या पडद्याचा असतो, तो कुणाला जात नाही.

बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर उपसून बुबुळ पारदर्शक ठेवतो. या पेशी मेल्या तर पुन्हा तयार होत नाहीत. प्रौढ माणसात चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० ते ३,००० असतात, आणि नजर परत देण्यासाठीच्या रोपणाला सर्वसाधारणपणे २,००० च्या वर हव्यात. मृत्यूनंतर हा थर हळूहळू खराब होत जातो. बुबुळ काढायला मृत्यूपासून सहा तासांची मुदत असते, ती त्यासाठी. पुढे जे जे नियम येतील, पंख्यापासून बर्फापर्यंत, ते सगळे या एका थराला आणि बाहेरच्या ओलाव्याला जपण्यासाठी आहेत. एवढं डोक्यात ठेवलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत.

आणि गरज कुणाला असते? आपल्याच माणसांना. भातकापणीच्या दिवसांत लोंबीचा तूस डोळ्यात जातो, माणूस दोन दिवस तसाच राहतो, मग मेडिकलमधून कुठलेतरी थेंब आणून घालतो. ते स्टिरॉइडचे निघाले की बुरशी आणखी फोफावते. शेवटी डोळ्यात फूल पडतं किंवा बुबुळाला भोक पडतं. काजूच्या टरफलातलं तेल उडून भाजलेले डोळे असतात, चुन्याची पुडी फुटून भाजलेली लहान मुलं असतात. जगातलं पहिलं यशस्वी बुबुळरोपण एडवर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी केलं, त्यातला रोगीसुद्धा चुन्याने डोळे भाजलेला मजूरच होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळ सुजून पांढरं झालेले म्हातारे वेगळेच.

आधी फोन, मग बाकीचं

रुजू झाल्यावर पहिलं काम: तुमचं रुग्णालय कुठल्या नेत्रपेढीशी जोडलेलं आहे, ते लेखी आहे का, आणि रात्री दोन वाजता तिथे फोन कोण उचलतं, हे तपासा. कागदावरचा नंबर दिवसा लावून बघू नका, रात्रीच लावून बघा. लहान रुग्णालय बहुधा नेत्रसंकलन केंद्र असतं. म्हणजे आपण बुबुळ काढून पाठवायचं; तपासणी, साठवण आणि वाटप नेत्रपेढी करते. प्रत्यारोपण जिथे करायचं त्या रुग्णालयाची नोंदणी कायद्याने लागते. डोळे काढण्याला मात्र जागेचं बंधन नाही: घरी, वॉर्डात, शवागारात, कुठेही काढता येतात. कोकणासाठी कायद्यातली ही सवलत फार मोलाची आहे, त्याकडे पुढे येऊच.

दुसरं: काढणार कोण? नेत्रपेढीची माणसं घाट उतरून येणार असं गृहीत धरलं असेल तर ते काम चालणारं नाही. कोल्हापूर ते रत्नागिरी सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, मध्ये आंबा घाट. फोन झाला, माणसं जमली, गाडी निघाली की सहापैकी चार तास गेलेच म्हणून समजा. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. ती लागू झाल्यापासून ठरलेली पात्रता आणि अनुभव असलेल्या तंत्रज्ञालाही डोळे काढता येतात. त्यापूर्वी नोंदणीकृत डॉक्टरच लागत असे. तुमच्या तालुक्यात एक डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ असे दोघे तरी नेत्रपेढीत जाऊन शिकून आलेले हवेत. एकच असला की तो नेमका गणपतीला गावी गेलेला असतो.

तिसरं: सामानाची पेटी. निर्जंतुक हत्यारांचा संच, बीटाडीन, सलाईन, रक्ताच्या नळ्या, मोठ्या सुया, हातमोजे, कापूस, डोळ्याच्या खोबणीत बसवायच्या टोप्या, लेबलं, कोरे फॉर्म, कार्बन, दोन पेनं, बॅटरी. बुबुळ ठेवायच्या द्रावणाच्या बाटल्या फ्रीजमध्ये. त्यांची मुदत दर महिन्याला बघा. एम. के. मीडियम असेल तर त्यात बुबुळ चार दिवस टिकतं, कॉर्निसॉल किंवा ऑप्टिसॉलमध्ये चौदा दिवसांपर्यंत. पहिलं स्वस्त आहे, पण पावसाळ्यात घाट बंद पडण्याचा विचार करता कोकणातल्या केंद्राने चौदा दिवसांचंच द्रावण मागून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बर्फासाठी वेगळी धावपळ नको. लसीकरण विभागाच्या डीप फ्रीझरमध्ये आइसपॅक असतात, ते मागून घ्या. मात्र फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच पेटीत टाकायचा नाही. टेबलावर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, मग कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो वापरायला तयार. लस गोठू नये म्हणून सिस्टर हेच करतात. आपल्याला २ ते ८ अंश तापमान हवं असतं. गोठलेलं बुबुळ नजर देण्याच्या कामाचं राहत नाही. आणि हो, बाटली लसींच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. तिथे लसींखेरीज काही ठेवायचं नसतं, आणि एकदा का सिस्टर रागावल्या की पुढच्या वेळी पॅकही मिळणार नाही.

खबर तुमच्यापर्यंत कशी पोचेल

परिपत्रक काढून ती पोचत नाही. अतिदक्षता विभागात नातेवाइकांकडे दानाची विचारणा करण्याची जबाबदारी कायद्यानेच टाकलेली आहे, पण कागद आणि रात्रपाळी यांत अंतर असतं. वॉर्डातल्या मावशी, मामा, शवागाराचा कर्मचारी, दाराशी उभे असलेले ॲम्ब्युलन्सवाले: मृत्यू आधी यांना कळतो. या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर हवा. चहा पाजा, नाव लक्षात ठेवा, आणि त्यांनी फोन केल्यावर "आत्ता नको" कधी म्हणू नका. दोनदा म्हणालात की फोन बंद होतात.

सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा. कोण गंभीर आहे, सोबत कोण आहे, घरी निर्णय कोण घेतं, हे केसपेपरावर नसतं. मृत्यूच्या आधी नातेवाइकांकडे डोळ्यांचा विषय काढायचा नाही. पाणी आणून द्या, एक्स-रेची खोली दाखवा. तुमचा चेहरा ओळखीचा झाला की पुढचं बोलणं सोपं जातं.

कुणाचे चालतात

चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, रक्तदाब, दमा, यांपैकी कशानेच अडत नाही. वयाने तर मुळीच नाही. ऐंशीच्या आजीचं बुबुळ कधी साठीच्या माणसापेक्षा चांगलं निघतं, आणि नजरेसाठी चाललं नाही तरी भोक पडलेला डोळा वाचवायला ते लावता येतं.

चालत नाही ते: रेबीज, एच.आय.व्ही., कावीळ ब आणि क, रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग, मेंदूज्वर, रक्ताचा कर्करोग, आणि मृत्यूचं कारणच माहीत नसणं. इतर कर्करोगांबद्दल परस्पर नाही म्हणू नका. लेप्टोच्या संशयाचा ताप, सर्पदंश, बुडून मृत्यू, किनाऱ्यावर नि भातशेतीत येणारे असे सगळे मृत्यू नेत्रपेढीच्या डॉक्टरांना फोनवर जसेच्या तसे सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. चालेल-नाही ते ठरवणं आपलं काम नाही. खरी माहिती देणं आपलं काम आहे. कुत्रा चावला होता का, हे मात्र प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः विचारा. केसपेपरावर ते नसण्याची शक्यता बरीच असते.

नातेवाइकांशी बोलणं

मृत्यू झाला हे डॉक्टरांनी सांगितलेलं असलं पाहिजे, तुम्ही नव्हे. ते सांगून झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. किती? रडण्याचा पहिला उमाळा ओसरून कुणीतरी "आता गाडीचं बघा" म्हणेपर्यंत. त्याच्या आधी विचारलं तर अंगावर येतात, त्याच्या नंतर विचारलं तर मृतदेह गाडीत चढलेला असतो. मधली फट लहान असते.

कुणाला विचारायचं? जी व्यक्ती कागदांवर सह्या करते आहे आणि जिच्या हातात फोन आहे तिला. बहुधा पुतण्या, जावई किंवा मेव्हणा असतो. त्याला बाजूला घ्या, बाकावर बसवा, स्वतःही बसा. उभ्याने बोलू नका. "डोळे काढायला परवानगी द्या" हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. मी साधारण असं बोलते: "दादा, मी इथे नेत्रदानाचं काम बघते. या वेळेला विचारणं बरं वाटत नाही, पण नंतर विचारून उपयोग नसतो. काकांचं नेत्रदान करावं असं घरात कुणाला वाटतं का? नाही म्हणालात तरी कागदपत्रांना मी मदत करणारच आहे." शेवटचं वाक्य नुसतं बोलायचं नाही, पाळायचंही. नकार देणाऱ्यालाही दाखल्यासाठी खिडकीपर्यंत सोबत करायची.

मग गप्प बसा. नव्या माणसाला हे जमत नाही. शांतता भरून काढायला तो पुण्य, समाज, राष्ट्र असं बोलत सुटतो. दोन मिनिटं थांबा. प्रश्न येतात.

सिंधुदुर्गातल्या एका वॉर्डात एका बाईंनी मला विचारलं होतं, "डोळे काडल्यार त्येंचा तोंड कसा दिसतला?" बहुतेकांच्या मनातला खरा प्रश्न हाच असतो, धर्माचे प्रश्न आडपडद्यासारखे येतात. उत्तर सरळ द्या: पंधरा-वीस मिनिटं लागतात, पापण्या मिटलेल्या राहतात, आत आधार ठेवतात त्यामुळे खड्डा दिसत नाही, दर्शनाला आलेल्यांना कळत नाही. झाल्यावर आधी तुम्ही बघा, मग बाकीच्यांना दाखवा. पुढच्या जन्मी आंधळा येईल अशी भीती कुणी बोलून दाखवली तर वाद घालू नका. घरातलं एखादं वडीलधारं माणूस याचं उत्तर आपल्यापेक्षा चांगलं देतं. "आजी, तुम्हाला काय वाटतं?" म्हणा. मुसलमान कुटुंबात दफन लवकर करायचं असतं, तिथे वेळेचं आधी बोला आणि जमातीतल्या जाणत्या माणसाला विचारायचं असेल तर फोन लावून द्या. धर्मात काय आहे ते आपण सांगायला जाऊ नये, कुठल्याच धर्माबद्दल.

आता कोकणाचा खास प्रश्न: मुंबईचा मुलगा.

"मुंबयसून झील येवचो आसा, तेका इचारल्याशिवाय माका काय सांगूक येवचा नाय." हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की झोपेत म्हणाल. अर्धं घर मुंबईत, पुण्यात, नाहीतर आखातात. चाकरमानी येईपर्यंत मृतदेह ठेवायची रीतच आहे; आठ-दहा तास सहज जातात. इतका वेळ हाताशी असून बुबुळ मात्र फुकट जातं, कारण होकार देणारा अजून कशेडी घाटाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी असतो.

कायदाही इथे आडवा येतो, आणि योग्य कारणाने येतो. कुणा जवळच्या नातेवाइकाची हरकत आहे असं मानायला कारण असेल तर हजर असलेल्याला संमती देता येत नाही. जवळचे म्हणजे नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आईवडील, भाऊ-बहीण, आजीआजोबा, नातवंडं. तेव्हा मुंबईच्या मुलाला टाळून सही घेतली आणि तो आल्यावर भांडण झालं, तर त्या वाडीत नेत्रदान पुढची वीस वर्षं बंद.

म्हणून त्याला लगेच, तिथल्या तिथे फोन लावायचा. तुम्ही बोलायचं नाही, आधी घरच्याने बोलायचं. बातमी कळली आहे याची खात्री करा. नाहीतर वडील गेल्याचं आणि नेत्रदानाचं त्याला एकाच श्वासात कळतं. मग फोन हातात घ्या, नाव आणि हुद्दा सांगा, आणि तीन गोष्टी सांगा: अंत्यसंस्काराला उशीर होणार नाही, तुम्ही याल तेव्हा चेहरा तसाच दिसेल, आणि मुदत अमुक वाजेपर्यंत आहे. "तुमची काही हरकत आहे का?" एवढं विचारा. तो गाडी चालवत असेल तर बाजूला थांबवून फोन करायला सांगा. व्हिडिओवर बाबांना बघायचं असेल तर दाखवा. होकार आला तर इथल्या नातेवाइकाची सही घ्या, आणि कुणाशी, किती वाजता, कुणासमोर बोलणं झालं ते फॉर्मच्या पाठीमागे लिहा. नकार आला तर "ठीक आहे दादा, सावकाश या" म्हणून फोन ठेवा. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

पैशाचा विषय कुणी काढला तर तिथेच संपवा. देणाऱ्याला काही मिळत नाही, त्याच्याकडून काही घेतलंही जात नाही. खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. आणि "दोघांना दृष्टी मिळेलच" असं वचन देऊ नका. तपासणीनंतर बरीच बुबुळं नजरेच्या रोपणाला चालत नाहीत. मग ती डोळा वाचवण्याच्या शस्त्रक्रियेला किंवा शिक्षणाला जातात. सही करण्यापूर्वी हे कळणं नातेवाइकांचा हक्क आहे.

होकार मिळाला

पहिली पाच मिनिटं कागदाची नाहीत, डोळ्यांची आहेत. पंखा बंद करा. डोक्यावरचा पंखा उघड्या डोळ्यांतलं पाणी भराभर सुकवतो, एसी असेल तर चालू राहू द्या. पापण्या हलक्या हाताने मिटा, वर स्वच्छ पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवलेला कापूस ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे दोन खडे घालून त्यावर टेकवा, दाबू नका. डोक्याखाली उशी, साधारण सहा इंच उंच. त्याने नंतर रक्तस्राव आणि सूज कमी होते. कापूस मधूनमधून ओला करत राहायला एखाद्या नातेवाइकाला सांगा. त्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

मग कागद. नातेवाइकाच्या संमतीसाठी २०१४ च्या नियमांतला नमुना ८ आहे. जिवंतपणी भरायची प्रतिज्ञा नमुना ७ मध्ये असते. दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका. सही करणाऱ्याचं नातं, ओळखपत्र, साक्षीदार, तारीख, वेळ. मृत अठरा वर्षांखालचा असेल तर आईवडिलांपैकी कुणाचीतरी संमती लागते. मृत्यूची वेळ केसपेपरावरून घ्या, आठवणीवरून नको. आणतानाच मृत असेल तर शेवटचं जिवंत कुणी, किती वाजता पाहिलं ते लिहा.

पोलीस केस असेल तर, आणि महामार्गामुळे आपल्याकडे अशा केसेस पुष्कळ, तपास करणाऱ्या अंमलदाराचं ना हरकत पत्र आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची संमती लेखी लागते. ठाण्यात जाऊन पहिल्यांदा समजावायला मृत्यूची वाट पाहू नका. आधीच एकदा भेटून पत्राचा मसुदा देऊन ठेवा. पंचनाम्याच्या वेळी हवालदार कोऱ्या कागदावर मसुदा तयार करत बसले की तास जातो. बेवारस मृतदेहांचा विचार सोडूनच द्या. तिथे कायद्याने ४८ तास थांबायचं असतं.

काढणं

हे वाचून शिकायचं काम नव्हे, नेत्रपेढीत हाताखाली शिकायचं. तरी समुपदेशकालाही क्रम माहीत असावा. काढणारा आधी स्वतः तपासून मृत्यूची खात्री करतो, कायद्याने ती त्याच्यावरच आहे. नाव पडताळतो. बॅटरीने बुबुळ बघतो. पाच-दहा मिलिलिटर रक्त घेतो, त्यावर एच.आय.व्ही., कावीळ ब आणि क, गुप्तरोग यांच्या तपासण्या होतात. शेवटच्या तासांत भरपूर सलाईन किंवा रक्त चढवलं असेल तर नमुना पातळ झालेला असतो. हे नेत्रपेढीला कळवा आणि रक्त चढवण्याआधीचा नमुना लॅबमध्ये शिल्लक आहे का ते विचारा. मग बीटाडीनने स्वच्छता, ती घाईत उरकायची नाही. पुढे दोन रीती आहेत: अख्खा डोळा काढणं, किंवा जागेवरच भोवतालच्या पांढऱ्या भागाच्या दोन-तीन मिलिमीटर कडेसह बुबुळ कापून थेट द्रावणात सोडणं. दुसरी चांगली, पण हात बसलेला हवा. बुबुळ जरा वाकलं की आतला थर मेला.

शेवटची पाच मिनिटं समुपदेशकाने स्वतः बघावीत. आत टोपी किंवा कापूस नीट बसला आहे का, पापण्या पूर्ण मिटल्या आहेत का, कडेने रक्त झिरपत नाही ना. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांत ते झिरपतं. डोकं उंच ठेवून थोडा वेळ दाब द्यावा लागतो. आणि बीटाडीनचे पिवळट डाग: गालावरून कानाकडे ओघळ गेलेला असतो, भुवईत अडकलेला असतो. सलाईनच्या बोळ्याने तो पुसून काढा, केस सारखे करा, कपाळाचं कुंकू पुसलं गेलं असेल तर घरच्यांना सांगून पुन्हा लावायला सांगा. नातेवाईक शस्त्रक्रिया बघत नाहीत, हे बघतात.

मृतदेह आधीच गावी निघाला असेल तर मागोमाग जा. घरी काढता येतात हे वर सांगितलंच आहे. गाडी पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, तळाशी थांबेल, पेटी हातात घेऊन वर चढायचं. घरात एक खोली, एक टेबल किंवा बाज, पुरेसा उजेड. महावितरणच्या भरवशावर राहू नका, डोक्याला बांधायची बॅटरी न्या. उशाशी दिवा असतो, तो हलवायला सांगू नका, उदबत्त्या मात्र थोड्या लांब ठेवायची विनंती करा. पोलीस पाटील किंवा आशाताईंना आधी फोन केलेला असला तर अंगणात जमलेल्यांना उत्तरं देत बसावं लागत नाही.

घाटापलीकडे

बाटलीवर लेबल: केंद्राचा क्रमांक, डावा की उजवा, मृत्यूची आणि काढल्याची वेळ. मृताचं नाव बाटलीवर नको. बाटल्या सरळ उभ्या, आइसपॅकला थेट चिकटणार नाहीत अशा. सोबत फॉर्म, रक्ताच्या नळ्या, मृत्यूच्या कारणाचा कागद (रुग्णालयातल्या मृत्यूला नमुना ४, घरच्या मृत्यूला ४-अ) प्लॅस्टिकच्या पिशवीत.

वाट आधीच ठरवून ठेवा, आणि दोन ठेवा. चिपळूणहून कुंभार्ली, रत्नागिरीहून आंबा, कणकवलीहून फोंडा किंवा करूळ, सावंतवाडीहून आंबोली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा त्याच आठवड्यात आंबा घाटातही दरडी आल्या होत्या. अशा वेळी एकच वाट ठरवणारा अडकतो. रेल्वे हा दुसरा पर्याय, पण पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात ते हिशेबात धरा. पेटी ज्याच्या हाती द्याल त्याचं नाव, फोन, गाडी आणि उतरून घेणाऱ्याचं नाव नेत्रपेढीला कळवा. ओळखीच्या कंडक्टरकडे पेटी सोपवण्याचा मोह होतो. नेत्रपेढीने लेखी हो म्हटल्याशिवाय ते करू नये. पोचल्याचा फोन येईपर्यंत आपलं काम संपलं नाही.

नंतरचं

दान कुणाला गेलं हे कुटुंबाला सांगायचं नसतं, आणि घेणाऱ्यालाही देणारा कळवायचा नसतो. लहान जिल्ह्यात हे पाळणं कठीण जातं. पेपरवाले दोघांना एका फोटोत उभं करायला बघतात, तिथे ठामपणे नाही म्हणा. आभाराचं पत्र आठवड्याच्या आत गेलं पाहिजे. घरच्यांची इच्छा असेल तर बाराव्या-तेराव्याला जाऊन प्रमाणपत्र द्या. जमलेल्या भावकीसमोर, दोन वाक्यांत, भाषण न करता. त्या पंगतीतून पुढचा फोन येतो, शिबिरातून येतो त्याहून जास्त.

वही ठेवा. मृत्यू किती झाले, किती ठिकाणी विचारता आलं, किती होकार, किती नकार, नकाराचं कारण नातेवाइकांच्या शब्दांत. "मुंबईचा फोन लागला नाही" हेही कारणच आहे, ते लिहा. कुठल्या वॉर्डातून खबर उशिरा येते ते दोन-तीन महिन्यांत वहीतच दिसायला लागतं.

महिन्यातून एकदा नेत्रपेढीला फोन करून प्रत्येक जोडीचं काय झालं ते विचारा: लावलं, नाकारलं, का नाकारलं. वरचा पृष्ठभाग सुकलेला होता असं वारंवार आलं तर पंख्याकडे आणि ओल्या कापसाकडे बघा. आतल्या पेशी कमी भरल्या असं तरुण मृतांच्याही बाबतीत आलं तर वेळ तपासा, नाहीतर काढणाऱ्याचा हात. रक्ताचा नमुना खराब निघाला असं आलं तर नळ्या उन्हात राहिल्या का ते बघा. आणि पेटी गोठलेली पोचली असं एकदा जरी आलं तरी आइसपॅक भरणाऱ्याला समोर बसवून पुन्हा एकदा पाण्याचा आवाज ऐकवा.